सोय भागिले खर्च

रविवार, ५ मार्च

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना लव्हॉनने सगळ्यांसमोर विचारलं, यंदा जुलैत कॅम्पिंगचं काय. लव्हॉन म्हणजे माझ्या बायकोची, आर्डिसची, थोरली बहीण. तिला स्वतःला कॅम्पिंगचा तिटकारा. आयुष्यात एकदा तंबूत झोपली, त्याबद्दल अजून ऐकवते. तरी विचारलं. मी म्हणालो, बघू. त्यावर ती म्हणाली की ऑरिन ट्वाइटच्या 'बघू'मुळे काउंटीतले किती पूल पडले असतील देव जाणे. सगळे हसले.

एकही पडलेला नाही. आयुष्यभर पूल तपासले. निवृत्त होताना काउंटीने घड्याळ दिलं.

घरी येताना गाडीतच निर्णय घेतला. यंदा जागा मी निवडणार. आजवर आर्डिस निवडायची. निवडायची कसली, दर वर्षी तीच जागा: स्पून लेकवरचा डेलमारचा कॅम्प, अकरा नंबर. वीज नाही. पाणी हातपंपाचं. संडास खड्ड्याचा. मी दर वर्षी तक्रार करायचो आणि ती दर वर्षी म्हणायची, वीज हवी तर घरीच राहा की.

आता रीतसर निवड करता येईल. सोय भागिले खर्च. ज्या जागेचा आकडा मोठा, ती जागा आपली. पुढच्या रविवारपर्यंत विषय संपवतो.

आर्डिस नोव्हेंबरात गेली, त्याचा आणि जागा बदलण्याचा काही संबंध नाही. त्या संडासाला मी आधीपासूनच कंटाळलो होतो.

शनिवार, ११ मार्च

पाहणीला सुरुवात. जवळचे दोन कॅम्प पाहून आलो. दोन्ही बंद. फाटकाला कुलूप, आत मांडीएवढा बर्फ. पण पाहणी कागदावरून होत नसते. फाटक ओलांडून आत गेलो. पहिल्या ठिकाणी संडास बर्फात बुडालेला, फक्त छप्पर दिसलं. छप्पर चांगलं आहे.

पुलांना आम्ही नऊपासून शून्यापर्यंत गुण देतो. नऊ म्हणजे नवाकोरा. चार म्हणजे काळजीचं. शून्य म्हणजे रस्ता बंद. हीच पद्धत इथे वापरणार. छपराला सात दिले.

दुसऱ्या ठिकाणी शेरीफचा माणूस आला. काय चाललंय, विचारलं. मी म्हणालो, कुटुंबासाठी जागा बघतोय. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, आजोबा, घरी कोणी आहे का तुमच्या?

मी म्हणालो, बूट ओले झालेत, निघतो.

रविवार, १२ मार्च

रेनेचा फोन. मुलगी, जावई व्हिन्स आणि नात थिया शिकागोला असतात; ती दर रविवारी तिथून करते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, बाबा, जुलैतल्या कॅम्पिंगसाठी मी डेलमारला फोन करू का? म्हणजे तुम्हाला जायचं असेल तर. नसेल तर या वर्षी राहू दे.

मी म्हणालो, नको नको, तू कशाला त्रास घेतेस, मी बघतोय.

बरं, म्हणाली. मग थियाने फोन घेतला आणि तिच्या वर्गातल्या सरड्याबद्दल बरंच सांगितलं. नात हुशार आहे.

तर विषय मार्गी लागला. त्यांना यायचं आहे, हे कळलं. चांगल्या सोयीची जागा बघून त्यांना चकित करायचं. आज ठरवणार होतो, पण घाई बरी नाही.

शुक्रवार, १७ मार्च, सकाळी ७.४०

सरकारी पार्कचं बुकिंग चार महिने आधी, सकाळी आठला उघडतं. आज आमच्या जुलैच्या आठवड्यासाठी उघडेल. कॉफी तयार. कार्ड शेजारी. लोक म्हणतात या जागा मिनिटात जातात. तयारी नसलेल्यांच्या जात असतील.

सकाळी ८.०४

चाळीस आणि एकेचाळीस, दोन्ही मोकळ्या. दोन्ही तळ्याकाठी, वीज, गरम पाण्याची आंघोळ. चाळीस नळाला जवळ. एकेचाळीसला सावली जास्त. दुपारचं ऊन कोणत्या बाजूने येतं ते नकाशावर बघून घेतो.

सकाळी ८.२०

दोन्ही गेल्या. पूर्ण पार्क गेलं. कॉम्प्युटर जुना आहे. नवा घ्यायला हवा.

एकेचाळीसच चांगली होती.

बुधवार, २२ मार्च

घरात बसवत नाही. हीटरने हवा कोरडी होते. सकाळी गाडी धुतली. दुपारी बर्फ पडला. संध्याकाळी पुन्हा धुतली.

मागच्या दाराशी आर्डिसचा कोट आहे अजून. खुंटी अडवतो. बघू.

शनिवार, १ एप्रिल

नॉर्थ ब्रीझ फॅमिली रिसॉर्ट. दोन तास गाडी चालवून गेलो. हा वर्षभर उघडा असतो. पोहण्याचा तलाव छपराखाली, त्यावर घसरगुंडी, दाराशी फायबरचा अवाढव्य वॉलआय मासा, ज्याच्या तोंडात बसून मुलं फोटो काढतात. बाथरूमची फरशी खालून गरम. नळ हात नेला की आपोआप सुरू. नऊ गुण. आयुष्यात पुलाला कधी नऊ दिले नाहीत.

फरशी किती गरम आहे ते बघावं म्हणून बूट काढून उभा राहिलो. बरं वाटलं. थोडा जास्त वेळ उभा राहिलो असेन. काउंटरवरच्या मुलीने दारावर टकटक केली आणि आत सगळं ठीक आहे ना, विचारलं. मी म्हणालो, फरशी तपासतोय.

मग दर विचारला. आठवड्याच्या त्या भाड्यात आमच्या गावच्या मोटेलात दोन आठवडे राहता येईल आणि वर सकाळचे वॅफल. भागाकार केला. आकडा अगदीच लहान आला.

शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. एवढ्या सोयी असतील तर तंबूत झोपायचंच कशाला? वीज हवी तर माणसाने

हे वाक्य माझं नाही. जागा रद्द.

रविवार, ९ एप्रिल, ईस्टर

लव्हॉनकडे जेवण. हॅम, बटाटे, आणि तिची ती हिरवी जेली, ज्यात गाजर असतं. जेवताना तिने जागेचं विचारलं. मी पद्धत समजावून सांगितली, गुण, भागाकार, सगळं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, म्हणजे अजून काहीच केलं नाहीस.

संध्याकाळी रेनेचा फोन. पुन्हा तेच. बाबा, डेलमारकडे चौकशी करू का, अकरा नंबर अजून मोकळा असेल. मी म्हणालो, नको गं, तुम्हाला एवढ्या लांबून यायचं, तुमच्या सुट्ट्या, व्हिन्सचं काम. माझ्यासाठी म्हणून काही करू नका.

ती म्हणाली, तुमच्यासाठी म्हणून नाही.

मी म्हणालो, तेच ते, तुमच्या सोयीने.

ती जरा वेळ गप्प होती. फोनला रेंज नसावी.

बोलणं एकंदरीत छान झालं. तिचा उत्साह दिसतो. मे महिन्यात कॅम्प उघडले की एका दिवसात ठरवून तिला कळवतो.

बुधवार, १९ एप्रिल

पुन्हा बर्फ. गाडी धुतली.

शनिवार, ६ मे

तळ्यांवरचा बर्फ वितळला. आज खरी पाहणी. आणि जागा सापडली. डार्ला नावाच्या बाईचा कॅम्प, मागच्या वर्षीच तिने विकत घेतलाय. मूळची ओक्लाहोमाची. सहा गुणांचे स्वच्छ संडास, वीज, गरम पाणी, पाणी पिण्याजोगं, किनारा उथळ, थियाला पोहायला सुरक्षित. दर वाजवी. भागाकार आतापर्यंतचा सर्वांत मोठा. गाडीच्या बॉनेटवर दोनदा करून पाहिला.

ऑफिसात गेलो. डार्ला म्हणाली, तुमचं नशीब बघा, जुलैच्या त्याच आठवड्यात पाण्याकाठची एक जागा आत्ताच कोणीतरी रद्द केली. घेता का?

मी म्हणालो, छे छे, अशी पाण्याकाठची जागा आम्हाला कशाला, दुसऱ्या कोणाला द्या.

ती म्हणाली, नक्की?

मी म्हणालो, नक्की, उगाच तुम्हाला त्रास नको.

ती म्हणाली बरं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या आयोवाच्या माणसाला ती जागा देऊन टाकली. त्याने एकदाच 'हो' म्हटलं. पहिल्याच फटक्यात. त्याला काहीही वाटलं नाही.

मी तिथेच उभा. मला वाटलं ती अजून एकदा विचारेल. तिने मला नकाशा दिला आणि दिवस चांगला जावो म्हणाली.

सोमवार, ८ मे

डार्लाच्या वागण्याबद्दल विचार करतोय. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, कारण लगेच हो म्हणणं हावरटपणा. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, कारण समोरच्याला मागे घ्यायची संधी द्यायला हवी. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, आता तुम्ही एवढं म्हणताय तर. आणि तिसऱ्यांदाही नाही म्हटलं, तर ते खरंच नाही. यात अवघड काय आहे? कॉफीचा दुसरा कप असो की लग्नाची मागणी, सगळं असंच चालतं. आर्डिसला मी तीनदाच विचारलं होतं.

ओक्लाहोमात लोक एकमेकांना काय देतात आणि कसं, कोणास ठाऊक.

निर्णय: डार्लाच्या कॅम्पला सौजन्यात दोन गुण. रद्द.

रविवार, १४ मे, मदर्स डे

सकाळी चर्च. सगळ्या बायकांना कार्नेशनचं एकेक फूल दिलं. फुलं वाटणाऱ्या मुलाने माझ्यापाशी दोन क्षण विचार केला आणि मलाही एक दिलं. घरी आणून पाण्यात ठेवलं.

दुपारी मीच रेनेला फोन केला, आज तिचा दिवस म्हणून. थियाने तिला टोस्ट करून दिला होता, जळका. रेने नेहमीपेक्षा हळू बोलत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, मी शेवटचं विचारते. आईच्या जागेसाठी डेलमारला फोन करू का?"

मी म्हणालो, नको. खरंच नको. माझी अजून पाहणी चालू आहे.

ती म्हणाली, बरं, बाबा.

आता हिने दोनदा विचारलं. मार्चमधलं धरायचं नाही, तेव्हा ती नुसती चौकशी करत होती. पुढच्या वेळी विचारलं की सांगून टाकतो, हो, या सगळे, जागा मी ठरवली आहे. तोवर ठरवायला हवी.

शनिवार, २० मे

तीन कॅम्प. पहिला खडीच्या खाणीला लागून, दुसरा हायवेला लागून, तिसरा खाण आणि हायवे यांच्या मधोमध. तिसऱ्याचे संडास उत्तम.

तिघांनाही सांगितलं की कळवतो. घरी यायला अंधार झाला. लांबच्या रस्त्याने आलो. तो रस्ता स्पून लेकवरून जातो, पण मुद्दाम नाही. डेलमारच्या फाटकाशी थांबलो नाही. फक्त गाडी हळू केली.

सोमवार, २९ मे, मेमोरियल डे

दफनभूमीत जिरेनियम लावायला गेलो. दर वर्षी आर्डिसच्या आईवडिलांच्या दगडापाशी लावतो. यंदा आणखी एक रोप जास्त घेतलं. दुकानातल्या बाईने विचारलं नाही.

दगड छान बसवलाय. आर्डिसचं नाव, दोन्ही तारखा. शेजारी माझं नाव, पहिली तारीख आणि पुढे मोकळी जागा. ही दोघांची जागा तिनेच बघून ठेवली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. मी तेव्हा म्हणालो होतो, घाई काय आहे, अजून दोन-चार बघू. ती म्हणाली, तू बघत बस, मी घेतली.

आज नीट पाहिली. ओकची सावली पश्चिमेकडून, म्हणजे दुपारी ऊन लागत नाही. पाण्याचा नळ जवळ. जमीन किंचित उतरती, पाणी साचणार नाही. शेजारी शांत. तेव्हाचा दर आता ऐकून हसू येईल.

आठ गुण. जास्तच होतील.

शनिवार, १० जून

लव्हॉन रूबार्बच्या आंबटगोड देठांची वडी घेऊन आली. मी म्हणालो कॉफी घे. ती नको म्हणाली, नको म्हणाली, मग घेतली. कॉफी संपत आली तेव्हा कपात बघत म्हणाली, रेनेचं कळलं ना तुला?

मला काही कळलं नव्हतं. जुलैच्या त्या आठवड्यात रेने, व्हिन्स आणि थिया न्यू जर्सीला समुद्रावर जाणार आहेत. व्हिन्सच्या आईने घर भाड्याने घेतलंय. पैसेही भरलेत.

मी म्हणालो, काहीतरी घोटाळा झालाय, ते माझ्याबरोबर कॅम्पिंगला येणार आहेत.

लव्हॉन म्हणाली, "कुठे?"

मी सांगितलं की जागा अजून ठरायची आहे. खाणीजवळच्या त्या तिसऱ्या जागेचे संडास उत्तम आहेत.

ती म्हणाली, "ऑरिन, पोरीनं तुला तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हणालास. आता तिनं काय घंटा वाजवत तुझ्या दारात यायचं?"

मी म्हणालो दोनदा. मार्चमधलं धरायचं नाही. ती म्हणाली का धरायचं नाही? आणि बोटावर मोजलं. मार्च. ईस्टर. मदर्स डे. मोजून झाल्यावर तीन बोटं तशीच माझ्यापुढे धरून बसली.

मग हळू आवाजात सांगितलं की रेने तिच्याकडे रडली. म्हणाली, बाबांना आमच्याबरोबर जायचंच नाही, मला कळायला हवं होतं, मी उगाच मागे लागले.

मी म्हणालो, प्रश्न संडासाचा होता.

लव्हॉनने वडीचा डबा उचलला, मग परत ठेवला आणि गेली. डबा राहिला.

रविवार, ११ जून

शांतपणे विचार केला. परिस्थिती वाईट नाही. एकट्यासाठी जागा शोधणं सोपं. तंबू लहान लागतो. सावली कमी चालते. उथळ किनाऱ्याची गरज नाही. खर्च एक चतुर्थांशही नाही, म्हणजे भागाकार एकदम वर जातो. खाणीजवळच्या जागेचा आकडा तर डार्लाच्या जागेच्याही पुढे गेला.

एवढा मोठा आकडा कुठल्याच जागेचा आला नव्हता. पुन्हा करून पाहिला. बरोबर आहे.

जेवण: वड्या.

बुधवार, १४ जून

खाणीजवळच्या कॅम्पला फोन लावला. त्यांनी उचलला. मी ठेवला.

सकाळी पार काउंटीच्या सीमेपर्यंत जाऊन आलो. काम काही नव्हतं. जुन्या लोखंडी पुलाखाली उभा राहिलो. गंज वाढलाय. आता तो तपासायचं काम दुसऱ्या कोणाचं.

रविवार, १८ जून, फादर्स डे

दुपारी रेनेचा फोन. शुभेच्छा. थियाने मला कार्ड पाठवलंय, पोचलं का विचारलं. पोचलं होतं, त्यात तंबूचं चित्र आहे. ते मी बोललो नाही. मग व्हिन्सने फोन घेतला. व्हिन्स मोठ्याने बोलतो, फोन जरा लांब धरावा लागतो. म्हणाला, "ऑरिन, मी रेनेला म्हटलं होतं, सरळ विचार. ती म्हणे विचारलं, तीनदा. अहो, आमच्या घरी तीनदा 'नको' म्हणणारा माणूस तोवर अर्धं ताट संपवून बसलेला असतो." आणि हसला. मीही हसलो. मग त्याने विचारलं, काय चाललंय. मी त्याला सांडपाण्याच्या टाकीची क्षमता माणसांच्या संख्येवर कशी ठरवतात ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. माणूस चांगला आहे. फोन ठेवला.

स्वयंपाकघरात उभा राहिलो. मग मागच्या दारापर्यंत गेलो, परत आलो. असं बराच वेळ.

पुन्हा फोन केला. रेनेने घाबरूनच उचलला, काय झालं बाबा, म्हणाली. काही नाही, म्हणालो. ती थांबली. मीही थांबलो. अशा वेळी समोरच्याने विचारायचं असतं, पण तिचं विचारून झालं होतं.

"रेने, तुम्ही यावं असं मला वाटतं."

हे वाक्य मी मनात म्हणून पाहिलेलं नव्हतं. तसंच बाहेर आलं. कोणी न विचारता.

ती काही बोलेना. रेंज होती, थियाचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाली, "मला वाटलं आईशिवाय तुम्हाला ते नकोच आहे."

मी म्हणालो, ते नकोच आहे. तुम्ही हवे आहात.

मग तिने नाक पुसलं आणि एकदम तिच्या आईसारखी कामाला लागली. जुलै आता बदलता येत नाही, व्हिन्सच्या आईला वाईट वाटेल. पण ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी चार दिवस आहेत. चालेल का? मी म्हणालो, चालेल. लगेच म्हणालो. मलाच विचित्र वाटलं.

जागा कुठली, तिने विचारलं. मी म्हणालो उद्या कळवतो. ती म्हणाली, बाबा. मी म्हणालो, उद्या.

सोमवार, १९ जून

सकाळी डेलमारला फोन केला. त्याचा आवाज आहे तसाच, जणू फोन उचलणं ही मोठी चूक झाली. मी नाव सांगितलं. तो हं म्हणाला. मार्चमध्ये फोन आला नाही तेव्हा वाटलं की, एवढं बोलून थांबला. मी हं म्हणालो. मग दोघांनी तळ्याच्या पातळीबद्दल बोलून घेतलं. यंदा चढी आहे.

अकरा नंबर गेला. एप्रिलमध्येच, फार्गोच्या एका कुटुंबाने पूर्ण उन्हाळ्यासाठी घेतला. ऑगस्टच्या त्या चार दिवसांत एकच जागा मोकळी, तीन नंबर. तीन नंबर म्हणजे संडासाला खेटून. इतकी वर्षं आम्ही तिच्यावरून जाताना तिथे उतरलेल्या लोकांकडे बघायचं टाळायचो. वीज नाही, सावली नाही, तळं दिसत नाही. आणि भाडं अकरा नंबरइतकंच, कारण डेलमारच्या मते जागा ती जागा.

भागाकार करायला घेतला नाही. घेतो म्हणालो.

किती माणसं, डेलमारने विचारलं.

पाच, म्हणालो, दर वर्षीसारखं.

तो पेन्सिलीने लिहितो, ते ऐकू येतं. पाच, असं पुन्हा म्हणाला, लिहिताना. तेव्हाच दुरुस्त करायला हवं होतं. पण मग त्याला खोडावं लागलं असतं. खोडताना तो काहीतरी बोलला असता, किंवा बोलायचं टाळलं असतं, आणि मग मला त्याला धीर द्यावा लागला असता. डेलमारवर अशी वेळ आणणं बरं दिसलं नसतं. त्याने सांगितलं की लाकडं बाहेरून आणायची नाहीत, कीड येते. मी म्हणालो, माहीत आहे. ठेवला.

तिथून उठून तडक लव्हॉनकडे गेलो. डबा परत द्यायचा होताच. ती अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होती. मी म्हणालो, ऑगस्टमध्ये चार दिवस स्पून लेकला येतेस का.

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या दिवशी बर्फात शेरीफच्या माणसाने पाहिलं होतं. मग सुरू झाली. डास. जमीन. ती एक रात्र आणि तंबूत शिरलेला तो प्राणी, जो खार होता की आणखी काही, यावर तिचं आणि आर्डिसचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तिचं वय काय, तिचे गुडघे काय. आणि आत्ताच का सुचलं? मी खरं ते सांगितलं. डेलमारला पाच सांगून बसलोय.

लव्हॉनच्या हातात सुतळी होती. ती गुंडाळत राहिली. बराच वेळ गुंडाळली.

मग म्हणाली, "संडास किती लांब?"

"खेटून आहे," मी म्हणालो. "तंबूतून पाय बाहेर टाकला की दार."

"रात्री टॉर्च घेऊन जंगलातून जायचं नाही?"

"नाही. पण वास येईल."

"वासाचं मला सांगू नकोस, मी डुकरांच्या फार्मवर वाढलेय." सुतळी खिशात घातली. "येते. पण हे बघ ऑरिन, मी तिच्या जागी येत नाहीये. मी चुलीवर पॅनकेक करणार नाही, गाणी म्हणणार नाही, आणि मी घोरते."

मी म्हणालो, ठीक आहे.

रेनेला कळवलं: स्पून लेक, तीन नंबर. ती म्हणाली, बाबा, तीन नंबर? तो संडासाजवळचा? मी म्हणालो, सगळ्या बाजूंनी विचार करून निवडलाय. ती हसली. लव्हॉन येतेय, हे ऐकून तर तिने फोन स्पीकरवर टाकला आणि मला व्हिन्सला पुन्हा सांगायला लावलं.

डेलमारला परत फोन करायची गरज नाही. आकडा बरोबर आहे.